फाटक नसलेला कारखाना

१९३९ सालच्या जुलै महिन्यात पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकासमोर एक तरुण अभिनेत्री उपोषणाला बसली. शांता आपटे हे तिचे नाव. ‘अमृतमंथन’ने तिला प्रसिद्धी मिळवून दिली होती आणि दोन वर्षांपूर्वीच्या ‘कुंकू’तील नीरेमुळे ती घराघरांत पोहोचली होती. जरठ नवऱ्याचे नवरेपण नाकारणाऱ्या नायिकेला टाळ्या देणे प्रेक्षकाला सोपे गेले. पण ती नायिका रंगविणारी स्त्री पगाराच्या आणि कराराच्या तंट्यावरून मालकाच्या दारात बसते, हे पचविणे तितके सोपे नव्हते. पुढच्याच वर्षी तिने ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. शीर्षकातील प्रश्न सिनेमाचे वेड लागलेल्या मुलींचा आहे. पुस्तक मात्र त्या धंद्याची नाडी नेमकी ओळखलेल्या एका कष्टकरी स्त्रीचे आहे.

या जुन्या हकिगतीत प्रस्तुत लेखकाला आज अधिक महत्त्वाचे वाटते ते उपोषण नव्हे, फाटक. प्रभातला फाटक होते. आतल्या माणसाचे नाव हजेरीपटावर होते, त्याला महिन्याचा पगार होता, मालक कोण हे ठाऊक होते. आणि भांडण झालेच तर कोणाच्या दारात जाऊन बसायचे हेही ठाऊक होते. आज पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, नायगाव-कामणच्या परिसरात, पत्र्याच्या शेडमध्ये राजवाडे, देवळे आणि सासुरवाडीचे दिवाणखाने उभे राहतात. गोरेगावच्या चित्रनगरीपेक्षा जागा मोकळी आणि भाडे कमी, म्हणून हिंदी मालिकांचा मोठा व्यवसाय वसई तालुक्यात येऊन स्थिरावला. स्थिरावला हा शब्दही तसा फसवाच. मालिका बंद झाली की राजवाडा उतरवला जातो, माणसे पांगतात, आणि त्याच शेडमध्ये दुसरी कंपनी दुसरा राजवाडा उभारते. तेथे एखाद्या मुलीवर अन्याय झाला तर तिने बसावे कोठे?

बोईसर-तारापूरच्या वाचकाला हा प्रश्न आपला वाटणार नाही, असे समजण्याचे कारण नाही. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत आली आणि बोईसर, उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे येथील तरुणांना नायगावचे काम आवाक्यात आले. त्या कामात पडद्यावरचे चेहरे थोडे. बाकी सारे केशभूषा करणाऱ्या, कपडेपट सांभाळणाऱ्या, लग्नाच्या दृश्यात मागे उभ्या राहणाऱ्या, दिग्दर्शकाच्या तिसऱ्या-चौथ्या साहाय्यक. बोईसरची अशी एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणा. तिला कोणी नेमणूकपत्र दिलेले नाही. तिला काम देतो तो कोऑर्डिनेटर, म्हणजे फोनवरचा एक आवाज. उद्या सकाळी सातला ये, असा निरोप रात्री अकराला येतो. बारा तासांची शिफ्ट संपून पॅकअप झाले की विरारहून पुढची गाडी मिळेल की नाही हे तिच्या हाती नसते. मग कोणी तरी म्हणतो, मी सोडतो. या ‘मी सोडतो’मध्ये कधी निव्वळ माणुसकी असते आणि कधी नसते. नसेल तेव्हा तिने नकार दिला तर होते काय? कोणी तिला कामावरून काढीत नाही. दुसऱ्या दिवशी फोन येत नाही, इतकेच.

हे नीट समजून घेतले पाहिजे. कारखान्यातील कायम कामगाराला काढायचे तर आरोपपत्र लागते, चौकशी लागते, निदान एक कागद लागतो. त्या कागदाला आव्हान देता येते. न आलेल्या फोनला आव्हान कसे देणार? अस्थिर रोजगार आणि लैंगिक छळ हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत आणि ते एकाच ठिकाणी योगायोगाने भेटतात, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. ज्याच्या हाती उद्याचे काम आहे त्याला धमकी द्यावी लागत नाही. अस्थिरताच त्याचे बोलणे बोलून मोकळी होते.

कायदा आहे, पण कोणासाठी?

कायदा नाही असे नव्हे. १९९२ मध्ये राजस्थानातील भटेरी गावात भंवरीदेवी या स्त्रीवर बालविवाह थांबविण्याच्या प्रयत्नाचा सूड म्हणून सामूहिक बलात्कार झाला. त्यातून निघालेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि पुढे २०१३ चा महिलांच्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा आला. एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. भंवरीदेवी कोणत्याही कचेरीत बसणारी नोकरदार नव्हती. ती ‘साथिन’ होती, मानधनावर गावोगाव फिरून सरकारचे काम करणारी. कामाचे ठिकाण म्हणजे तिच्यासाठी रस्ता, शेत आणि दुसऱ्याचे घर. असे असून तिच्या वेदनेतून जन्मलेली यंत्रणा मात्र टेबल-खुर्ची, पदोन्नती आणि बदली असलेल्या कचेऱ्यांच्या मापाने बेतली गेली.

व्याख्येपुरते पाहिले तर हा कायदा उदार आहे. रोजंदारीवरील, तात्पुरती, कंत्राटदारामार्फत आलेली, उमेदवार, इतकेच नव्हे तर बिनपगारी काम करणारी स्त्रीसुद्धा त्यात ‘कर्मचारी’ धरली आहे. मालकाने पुरविलेले वाहनही कामाचे ठिकाण मानले आहे. बोईसरच्या आपल्या मुलीला त्याने दारातच अडविलेले नाही. ती अडते ती पुढे.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते. समितीला कारणे नोंदवून आणखी तीन महिने मुदत वाढविता येते, पण तो समितीचा अधिकार आहे, तक्रारदाराचा हक्क नव्हे. आता मालिकांच्या धंद्यातील एक रिवाज पाहा. कलावंताचे पैसे काम केल्यापासून नव्वद दिवसांनी देण्याची तेथे प्रथा आहे. २०२० मध्ये टाळेबंदीत चित्रीकरण बंद पडले तेव्हा कलावंतांच्या संघटनेने ही मुदत तीस दिवसांवर आणावी अशी मागणी केली होती, तेव्हा कोठे बाहेरच्या जगाला ही प्रथा कळली. नव्वद दिवस आणि तीन महिने! जोपर्यंत केलेल्या कामाचे पैसे अडकलेले आहेत तोपर्यंत तोंड उघडायची सोय नाही. आणि पैसे हाती येतात तेव्हा तक्रारीची मुदत संपत आलेली असते. कोणी ठरवून हे केले असेल असे मी म्हणत नाही. परंतु ठरवून केले असते तर याहून चोख जमले नसते.

चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्रीला काय दिलासा मिळतो? तिची किंवा ज्याच्यावर आरोप आहे त्याची बदली करता येते, अथवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. बँकेत किंवा शाळेत याला अर्थ आहे. जिचे काम दररोज नव्याने मिळवायचे असते तिची बदली कोठून कोठे करणार? आणि रजा? रोजंदारीवरच्या बाईला रजा म्हणजे उपास. चौकशीला नव्वद दिवसांची मर्यादा आहे; तेवढ्या अवधीत मालिकाच गुंडाळली गेली तर अंतर्गत समितीही तिच्याबरोबर गुंडाळली जाणार. दोषी ठरलेल्याच्या पगारातून भरपाई कापून घ्यावी, असे कायदा सांगतो. ज्याला पगारच नाही, जो स्वतः कोऑर्डिनेटरचा कोऑर्डिनेटर आहे, त्याच्या कशातून कापायचे?

संघटनांकडे जावे तर तेथील इतिहास फारसा आशादायक नाही. अभिनेत्री तनुश्री दत्ता हिने एका चित्रपटाच्या सेटवरील प्रसंगाबद्दल मार्च २००८ मध्ये कलावंतांच्या ‘सिंटा’ या संघटनेकडे तक्रार केली होती. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, तिने पुन्हा आवाज उठविल्यावर संघटनेने मान्य केले की २००८ साली निर्मात्यांसमवेत झालेल्या सुनावणीत लैंगिक छळाच्या मुख्य गाऱ्हाण्याला हातच घातला गेला नव्हता. संघटनेने दिलगिरी व्यक्त केली. मात्र तीन वर्षांहून जुने प्रकरण पुन्हा उघडण्याची आपल्या घटनेत तरतूद नाही, असेही सांगितले. पोलिसांनी २०१९ मध्ये पुराव्याअभावी तपास थांबविण्याचा अहवाल दिला आणि मार्च २०२५ मध्ये अंधेरीच्या न्यायालयाने मुदत उलटल्याच्या कारणास्तव दखल घेण्याचे नाकारले. संबंधित अभिनेत्याने आरोप सुरुवातीपासून नाकारले आहेत, आणि ते खरे की खोटे याचा निवाडा झालेलाच नाही. दोन्ही पक्षांच्या दृष्टीने ही स्थिती वाईट आहे. जी वेळेवर बोलली तिचे वेळेवर ऐकले गेले नाही, आणि ऐकायची वेळ आली तेव्हा वेळ निघून गेली होती. पडद्यावर नाव असलेल्या स्त्रीची ही कथा, तर गर्दीतल्या मुलीची काय असेल?

याच संघटनांचे दुसरे रूप मेकअपच्या प्रकरणात दिसले. मुंबईच्या रंगभूषाकारांच्या संघटनेने पाच दशकांहून अधिक काळ स्त्रियांना मेकअप करण्याचे कार्ड नाकारले. त्यांनी केस विंचरावेत, चेहरा रंगवू नये, असा नियम. चारू खुराना यांच्या याचिकेवर १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. बाईला कामावर यायलाच परवानगी लागते अशा जागी तिने कामावरच्या वागणुकीबद्दल बोलावे कसे? जी मोठ्या मिनतवारीने आत आली ती दाराकडे पाठ करून उभी राहत नाही.

केरळने निदान आरसा तरी हाती घेतला. २०१७ मध्ये एका अभिनेत्रीचे अपहरण होऊन तिच्यावर अत्याचार झाल्यानंतर तेथील चित्रपटसृष्टीतील स्त्रिया संघटित झाल्या आणि न्यायमूर्ती हेमा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने डिसेंबर २०१९ मध्ये दिलेला अहवाल ऑगस्ट २०२४ पर्यंत सरकारच्या कपाटात राहिला, हा भाग वेगळा. त्यात छळाच्या कहाण्यांइतकीच ठळकपणे दिसते ती सेटवरील स्वच्छतागृहांची आणि कपडे बदलण्याच्या खोल्यांची वानवा आणि कनिष्ठ कलावंतांजवळ नसलेले लेखी करार. बातम्यांत नावे गाजली. स्वच्छतागृहे गाजली नाहीत. परंतु ज्या जागी बाईला दिवसभर पाणी पिणे टाळावे लागते, त्या जागेने तिची किंमत आधीच ठरवलेली असते. अशी चौकशी महाराष्ट्रातही व्हावी, आणि तिने अंधेरीच्या कचेऱ्यांत न बसता नायगावच्या शेडपर्यंत यावे.

तारापूरची शिकवण

या बाबतीत तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला चित्रसृष्टीपेक्षा अधिक कळते, असे म्हटले तर हसू नये. कंत्राटी कामगार म्हणजे काय हे येथल्या प्रत्येक चाळीला ठाऊक आहे. कंत्राटदार बदलतो, गेटपास बदलतो, कामगार तोच आणि यंत्रही तेच. या पद्धतीचे दोष अनंत आहेत. तथापि १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने एक मोलाची कल्पना रुजविली, ती मुख्य मालकाची. कंत्राटदाराने मजुरी बुडविली तर ती मुख्य मालकाने भरली पाहिजे. कंत्राटदार पळून जाऊ शकतो, कारखाना पळून जाऊ शकत नाही, हे साधे व्यवहारज्ञान त्यामागे आहे. मालिकांच्या धंद्यात कोऑर्डिनेटर, लाइन प्रोड्यूसर आणि निर्मिती कंपनी यांची उतरंड लागलेली असते. यातले कोणीही उद्या नसेल. पण ज्या वाहिनीवर मालिका दिसते ती वाहिनी उद्याही असते. पैसा तिच्याकडून येतो, भाग किती आणि कधी हवेत हे ती ठरविते, कोणत्या नटीला काढायचे हेही पुष्कळदा तीच ठरविते. मग सेटवरील स्त्रियांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला की ती नुसती प्रेक्षक कशी होते?

लेखी कराराची अट १९८१ च्या सिने कामगार कायद्यातही होती. ती चित्रपटांपुरती होती आणि पुष्कळशी कागदावर होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेने मालिका, वेबमालिका, जाहिराती आणि रिअ‍ॅलिटी शो यांत काम करणाऱ्यांनाही कक्षेत घेऊन लेखी करार आवश्यक केला आहे. या संहितांवर कामगार संघटनांचे अनेक आक्षेप आहेत आणि त्यांतील काही रास्तही आहेत. परंतु ही तरतूद पदरात पडली आहे तर ती वापरावी. करारात पैसे किती आणि केव्हा हे जसे लिहायचे, तसे तक्रार कोणाकडे करायची हेही लिहिता येईल. तक्रार केली म्हणून अडकलेले पैसे थांबणार नाहीत, हे एक वाक्य त्यात पडले तर ते दहा पोस्टरांहून उपयोगी ठरेल.

निर्माते म्हणतील, दोन दिवसांच्या कामासाठी येणाऱ्या शंभर माणसांची समिती कशी चालवायची? केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये याचे उत्तर दिले आहे: चित्रपटाचे निर्मिती युनिट हे कामाचे ठिकाण आहे आणि तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तरीही अडचण अगदी खोटी नाही. जी समिती निर्मात्याने नेमली आणि निर्मात्याबरोबर उठून गेली तिच्यापुढे निर्मात्याच्याच माणसाविरुद्ध बोलायला कोणाची छाती होईल? म्हणूनच जिल्ह्याची स्थानिक समिती महत्त्वाची ठरते. जेथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात, किंवा जेथे तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तेथे ती कायद्याने योजलेली आहे. ती सेटबरोबर उतरवली जात नाही.

हे केवळ मालिकांपुरते नाही. याच जिल्ह्यात वारली चित्रकला आहे. ती मुळात लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची कला. सत्तरीच्या दशकात ती कागदावर उतरली आणि तिला बाजार मिळाला. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ते यथायोग्यच झाले. मात्र भिंतीवरची कला बाजारात आली तेव्हा नाव आणि व्यवहार मुख्यतः पुरुषांकडे गेले. एखादी बाई व्यापाऱ्यासाठी नगावर साड्या आणि कापडी पिशव्या रंगवीत असेल तर तिचा मालक एकटा, कामाची जागा त्याचे घर वा गोदाम, आणि करार तोंडी. तिलाही हीच स्थानिक समिती. तिचे नाव या बाईने ऐकले तरी असेल काय?

पालघर हा १ ऑगस्ट २०१४ रोजी जन्मलेला जिल्हा. त्याचे मुख्यालय पालघर-बोईसर रस्त्यावरील कोळगाव येथे भव्य इमारतींत थाटले आहे. नायगावच्या सेटवर काम करणाऱ्या मुलीला पोलिसांत जायचे तर मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय; संघटनेकडे जायचे तर मुंबई; समितीकडे जायचे तर कोळगाव. एक दिवस गेला म्हणजे एका शिफ्टचे पैसे गेले. कायद्याने ही अडचण ओळखली आहे. प्रत्येक तालुक्यात, आदिवासी भागात आणि शहरी प्रभागात तक्रार स्वीकारणारा अधिकारी नेमावा आणि त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये गोव्यातील एका खटल्याच्या निमित्ताने या कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल तीव्र खेद व्यक्त केला आणि ३ डिसेंबर २०२४ रोजी देशातील प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थापन करण्याचे बजावले. कायदा होऊन अकरा वर्षे लोटल्यावर न्यायालयाला तारीख नेमून द्यावी लागली, यावरून आपल्या प्रशासनाची या विषयातील तळमळ कळते.

दरम्यान घरोघरी वेगळाच निकाल लागत असतो. बोईसरच्या मुलीने एखाद्या रात्री घरी येऊन काही सांगितले, तर आई-वडील समिती शोधीत नाहीत. ‘उद्यापासून जायचे नाही’ असे सांगतात. त्यांना दोष देववत नाही; त्यांच्यापुढे दुसरा मार्ग कोणी ठेवलेला नाही. हंसा वाडकरांनी १९७० मध्ये ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले तेव्हा पुष्कळांनी हाच बोध घेतला की सिनेमात मुली पाठवू नयेत. घरच्या गरजेपोटी कोवळ्या वयात कामाला लागलेली ती मुलगी होती, हे विसरून! त्या बोधाने शिक्षा कोणाला होते? मुलगी घरी बसते, किंवा वसाहतीतल्या एखाद्या पॅकिंग खात्यात कंत्राटदाराच्या हाताखाली उभी राहते, आणि तेथेही उद्याचे काम कोणाच्या तरी मर्जीवरच असते. ज्याने हे सारे घडविले त्याची मात्र एकही शिफ्ट चुकत नाही.

जिल्हाधिकाऱ्यांना यात करता येण्याजोगे बरेच आहे आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. वसईला समितीची बैठक महिन्यातून एकदा संध्याकाळी, पॅकअपनंतर पोहोचता येईल अशा वेळी, घेता येईल. समितीत तालुक्यात काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक सदस्य असावी लागते. ती एखादी केशभूषाकार का असू नये? शेड भाड्याने देताना समितीचा फलक लावण्याची अट घालता येईल. शिवाय उद्याच्या कामाचे कॉल शीट रोज रात्री सेटवरच्या प्रत्येकाच्या फोनवर येते. कोणी किती वाजता मेकअपला बसायचे, जेवणाची सुट्टी केव्हा, गाडी कोठून सुटणार, सारे त्यात असते. स्थानिक समितीचा दूरध्वनी क्रमांक घालायला त्यात एक ओळ लागेल.